गोळ्यांचा चेहरा

वाढलेल्या पेजेत चमचा फिरवायचा, चार घास खायचे आणि वाडगं सारून उठायचं — ही कुठली रीत? कोरियातल्या जेजू बेटाच्या धक्क्यावर ओकबुनबाई चाळीस वर्षं शिंपल्यांची पेज विकत होती. तिच्या हातचं टाकणारी ही टपाल कचेरीतली पोर पहिलीच. वर खाऊन होताच तोंडाला मास्क! आणि ओकबुनचा थोरला, तेगुन, नेमका हिच्याच मागे वेडा.

वाऱ्यानं घात केला होता. टपाल कचेरीतली सेरान बोटीतून उतरली, टोपी उडाली ती थेट तेगुनच्या जाळ्यात.

"देतो... पण आधी मास्क काढ."

"घाबरशील."

"समुद्रावर जाणारा माणूस मी. बघू तरी!"

तिनं मास्क उतरवला. गाल टम्म, डोळे त्यांत बुडालेले. "हा चेहरा माझा नाही — गोळ्यांचा आहे. मूत्रपिंडाचं दुखणं. चार महिन्यांत बारा किलो वाढले. भूकसुद्धा गोळ्यांचीच... अख्खं पातेलं संपवीन असं वाटतं, म्हणून अर्ध्यावर उठते."

"मग गोळ्यांना सांग," तो म्हणाला, "चेहरा मला आवडला."

भुरभुर पाऊस पडत होता. दोघांनाही आडोसा आठवला नाही.

कापणीच्या पुनवेच्या सणाला तेगुननं तिला घरी आणलं. दुखण्याचं आईला तो बोललाच नव्हता. ओकबुननं तिची हनुवटी उचलली. "अगंबाई, पुनवेचा चांदच की! थोरल्या सुनेचं तोंड असंच लागतं."

त्या बेटावर याहून मोठी शाबासकी नाही. सेरान हसली, पण तिच्या कानी पडला तो सुजलेल्या गालांना टोमणाच... आणि दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्या बंद केल्या.

तीन आठवड्यांत गाल उतरले. "काय सुरेख दिसतेस!" बाजार म्हणाला. चौथ्या आठवड्यात ती टपालाच्या खिडकीशीच कोसळली. त्या गोळ्या एकाएकी सोडायच्या नसतात, डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता आठवड्यातून तीनदा रक्त गाळायचं यंत्र, जन्मभर.

तेगुननं आईला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बिनमिठाची पेज रांधली, चाखली, तोंड वाकडं केलं, आणि डबा घेऊन इस्पितळात गेली.

सेरान उशीवर पडली होती. चेहरा निमुळता, हवा होता तसाच.

"काकू, त्याला सांगा... माझी वाट बघू नको म्हणावं."

ओकबुन खाटेवर बसली. तिनं डबा उघडला, चमचा भरला.

"मी गोड बोलले आणि तू विष समजलीस. चूक दोघींची, भोगतेस मात्र तू एकटी. ऐक आता. मला चांदच हवा होता, ही सुकलेली मासळी नको होती. पण माझ्या घरची थोरली सून ठरली ती ठरली. अर्धं वाडगं टाकून उठायचं नाही. उघड तोंड."