बारा नंबरचं फाटक

बस थांबली ती थांबलीच.

चौथा थांबा होता, चष्म्यांच्या दुकानासमोरचा. चढणारे चढले, उतरणारे उतरले, दार बंद झालं आणि पुढे काहीच होईना. ड्रायव्हरनं शांतपणे इंजिन बंद केलं, थर्मास काढला आणि झाकणातच चहा ओतून घेतला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. बसमधल्या एकाही माणसानं कुरकुर केली नाही, आणि नेमकं त्यानंच तिचं डोकं उठलं.

आधीच तिचा दिवस वाईट उगवला होता. कालच तिनं खोली बदलली होती, आणि आज पहिल्यांदाच या बसमध्ये बसली होती. रात्रभर खोक्यांमध्ये उशी सापडली नव्हती, आणि सकाळी सातला दादाचा फोन. "काय ठमे, आलीस का रडकुंडीला?" रडकुंडीला आली होतीच, पण ते दादाला सांगण्यापेक्षा तिनं खोकी खाल्ली असती. आता त्यात ऑफिसला उशीर. ती तरातरा पुढे गेली.

"बस बिघडली का हो?"

"छे! ठणठणीत आहे."

"मग निघत का नाही?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"तेच तर तीन महिने झाले कळत नाहीये." त्यानं चहावर फुंकर मारली. "वेळापत्रकात लिहिलंय, इथे चार मिनिटं थांबा. आधी निघालो तर कंट्रोलर शेरा मारतो. वर ऑफिसात कोणीतरी अतिशहाणं बसलंय, त्याच्या मनात काय आलं देव जाणे. चहा घेणार?"

तिनं चहा घेतला नाही. त्या अतिशहाण्याला ती चांगली ओळखत होती, कारण या शहरातल्या सगळ्या बसची वेळापत्रकं पाच महिन्यांपासून तीच बनवत होती.

आणि चार मिनिटं कुठून आली हेही तिला त्याच क्षणी लख्ख दिसलं. तिच्या जुन्या शहरातही एक बारा नंबर होती. तिथे चौथ्या थांब्यानंतर रेल्वेचं फाटक लागायचं. आठ वीसची गाडी जाईपर्यंत बस उभी राहायची, म्हणून चार मिनिटं. सात वर्षं ती ते वेळापत्रक लिहीत आली होती. इथे आल्यावर हातानं आपला आपण तोच आकडा लिहिला, आणि तपासणाऱ्यालाही वाटलं, मॅडम मोठ्या शहरातून आल्यात, काहीतरी विचार असेल. या शहरात फाटक सोडा, आसपास रूळसुद्धा नव्हता.

"त्या शहाण्याला एकदा भेटायचंय मला," ड्रायव्हर म्हणाला.

"का? भांडायला?"

"छे हो. आभार मानायला. बारा वर्षांत पहिल्यांदा गरम चहा मिळतोय." तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, हे तिच्या उगाचच लक्षात आलं.

आठ तेवीसला बस निघाली. ती कान लाल करून जागेवर जाऊन बसली.

खरं तर दुसऱ्याच दिवशी तिनं चूक सुधारायला हवी होती. पण नवं वेळापत्रक महिन्याच्या शेवटीच निघायचं, तोवर काही करता येत नव्हतं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. आणि रोज बारा नंबरनेच जायचं, तेही ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचं, याला मात्र तिनं कुठलंच कारण सांगितलं नाही.

डेपोत त्यालाही सगळे 'बारा नंबर' म्हणूनच हाक मारायचे. बसमध्ये त्याच्या सीटच्या वर एक मोठा आरसा होता, प्रवाशांवर लक्ष ठेवायला. थांब्यावर बस उभी राहिली की त्या आरशातून तो बघायचा, आणि सगळ्या प्रवाशांवर लक्ष ठेवतोय असं काही वाटायचं नाही.

"समोर बघा," ती एकदा म्हणाली.

"बस उभी आहे, मॅडम. उभ्या बसमध्ये कुठेही बघायला परवानगी आहे. नियम वाचा."

"वाचलेत. असा नियम नाही."

"मग नाही बघायचं असाही नाही."

चौथ्या दिवशी तिला राहवेना. "एक सांगायचं होतं... ते अतिशहाणं आहे ना... ते मीच."

त्याचा चहा सांडला. मग तिनं फाटकाचं सांगितलं आणि तो इतका मोठ्यानं हसला, की मागच्या सीटवर माळ ओढावी तशी पर्सची साखळी ओढत बसलेल्या आजी दचकल्या. तिला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. पण हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "कसं होतं हो फाटक?"

तिनं सांगितलं. लाल-पांढरे पट्टे. फाटकवाल्या बाईंच्या दोरीवर वाळणारे कपडे, जे प्रत्येक गाडीच्या वाऱ्यानं एकाच दिशेला उडायचे. डबे मोजणारी माणसं. पलीकडे नदी, आणि नदीकाठच्या औषधांच्या दुकानातला तो म्हातारा, जो आईच्या गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय गोळ्या द्यायचा नाही. बोलता बोलता तिचा आवाज कातर झाला.

"चूक केली मी इथे येऊन," ती म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्यानं. "बढती मिळाली, ऑफिसात खिडकीची खोली मिळाली, म्हणून आले. दादा नको म्हणत होता, त्याच्याशी कडाकडा भांडून आले. आणि इथे... इथे मला कोणी ओळखतसुद्धा नाही."

आजवर ज्याला ज्याला तिनं यातलं अर्धंमुर्धं सांगितलं होतं, तो म्हणाला होता, 'होईल सवय.' घरमालकीण म्हणाली होती, ऑफिसातले म्हणाले होते. याही वेळी ती त्याच दोन शब्दांची वाट बघत होती.

"आत्ता तिथे काय चाललं असेल?" त्यानं विचारलं.

तिनं घड्याळ पाहिलं. "आठ तेवीस. फाटक उघडायची वेळ..."

"मग चला!" तो म्हणाला आणि बस सुरू केली.

दुसऱ्या दिवशी चौथ्या थांब्यावर त्यानं इंजिन बंद केलं, मागे वळला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडला, "फाटक पडलं हो!" लोक गोंधळले. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाला, "आज मालगाडी आहे, लांबलचक आहे, बसून घ्या." आठवडा झाला नाही तोच आजींनी डबे मोजायला सुरुवात केली. शाळेत शिकवणारे एक गृहस्थ, जे एरवी वर्तमानपत्रातून डोकं काढत नसत, ते विचारू लागले, "आज एक्सप्रेस की पॅसेंजर?" चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून नसलेल्या गाडीला हात करू लागला. चार मिनिटांत लोक एकमेकांशी बोलू लागले. तिला नाव घेऊन हाक मारू लागले. ती रोज हसत हसत ऑफिसला पोचायची आणि आपण हसतोय याचं तिलाच नवल वाटायचं.

तरीही तिच्या ड्रॉवरमध्ये एक कोरा फॉर्म होताच. सहा महिने पुरे व्हायच्या आत अर्ज दिला तर जुन्या शहरात, जुन्या खुर्चीवर परत जाता येणार होतं. मुदत महिनाअखेरीला संपत होती.

"मग देत का नाही अर्ज?" त्यानं विचारलं.

"दादासमोर नाक खाली होईल."

"नाकासाठी कोणी आपलं शहर सोडतं का हो? देऊन टाका." एवढं बोलून तो काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. तरी तो बराच वेळ पुसत राहिला.

महिनाअखेर आली. नव्या वेळापत्रकात तिनं ती चार मिनिटं काढून टाकली आणि खाली स्वच्छ लिहिलं, 'चूक माझी. जुन्या शहराच्या सवयीने लिहिले गेले.' तासाभरात मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब फार कमी बोलायचे, आणि बोलले की समोरच्याला घाम फुटायचा.

"चार महिने बस विनाकारण उभी?"

"हो, सर."

"या शहरात नसलेल्या फाटकापाशी?"

"हो, सर."

साहेबांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. "बावीस मार्गांपैकी एकच मार्ग शेवटच्या थांब्यावर रोज वेळेत पोचतो. कुठला असेल?"

तिनं कागद बघितला. बारा नंबर.

तिला लगेच उमगलं. सकाळची फेरी सोडली तर तिसऱ्या थांब्याच्या चढावर रोज उशीर व्हायचा. तो उशीर ती चार मिनिटं गिळून टाकत होती. बाकीच्या गाड्यांना असा श्वास घ्यायला जागाच नव्हती, म्हणून त्या दिवसभर मागे पडत जायच्या. "सर, हे सगळीकडे करता येईल," ती म्हणाली आणि बोलतच सुटली. सात नंबरला बाजाराच्या वळणावर दोन मिनिटं, तीनला दवाखान्यापाशी, कारण तिथे म्हातारी माणसं हळू चढतात. एकोणीसला मात्र काही नको, तो ड्रायव्हर वाऱ्यासारखा जातो. ती कुठलाही कागद न बघता बोलत होती. थांबे, वळणं, माणसं... हे शहर आपल्याला इतकं पाठ कधी झालं, हे तिचं तिलाच कळेना.

साहेब चक्क हसले. "चार मिनिटं राहू द्या. बाकीचं पुढच्या महिन्यात करा, म्हणजे... तुम्ही असलात तर. उद्या पाचपर्यंत सांगा. जाणार की राहणार?"

ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. आणि जिन्यातच ते धाडकन जमिनीवर आले. आता हरून पळाली असं कोणी म्हणणार नव्हतं. ताठ मानेनं परत जाता येणार होतं. नदी, फाटक, आई, सगळं हाताच्या अंतरावर होतं. मग रडू का येत होतं?

दुसऱ्या दिवशी चौथ्या थांब्यावर त्यानं इंजिन बंद केलं, पण फाटक पडल्याचं सांगितलं नाही. आजींनी विचारलं, "का रे, आज गाडी नाही?"

"आज मॅडमची गाडी आहे, आजी. परत चालल्यात त्या."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ती उसळली.

"डेपोत सगळ्यांना माहीत आहे, आज शेवटची तारीख आहे." आज तो आरशातून बघत नव्हता. सरळ मागे वळून बघत होता. "मॅडम, मी राहा म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतंय... फार वाटतंय. मला तुम्ही आवडता, हे आता या आजींनासुद्धा कळलंय. पण माझ्या सांगण्यावरून राहिलात आणि उद्या पुन्हा म्हणालात, 'चूक केली', तर ते मला सोसणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. जाल तरी मी... मी चहा पीत राहीन इथे."

शिक्षक महाशयांनी वर्तमानपत्र पार खाली ठेवलं होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं. आणि चार मिनिटं संपली. वेळापत्रक तिनंच लिहिलेलं, तक्रार कोणाकडे करणार? बस निघाली.

दुपारी तिनं दादाला फोन लावला.

"दादा, तुझं बरोबर होतं. इथे येऊन मी चूक केली. पहिले तीन महिने रोज रात्री रडले."

तिला वाटलं, आता टोमणा येणार. पण दादा हळूच म्हणाला, "मग ये की परत, ठमे. तुझ्या खोलीत मी अजून काही ठेवलेलं नाही."

तिचे डोळे भरून आले. नाक खाली झालं होतं आणि काहीच बिघडलं नव्हतं! पाच महिने ज्याची धास्ती घेतली, ते हे एवढंसं?

"नाही येत, दादा."

"आं?"

"मला इथलं काम आवडतंय. मी ते फार छान करते, साहेबांना विचार. आणि... मला एकजण आवडतो."

"कोण?"

"बारा नंबर."

"हे काय नाव झालं?"

"भेटलास की कळेल," ती म्हणाली आणि हसत सुटली. फोन ठेवून तिनं साहेबांना जाऊन सांगितलं, राहतेय. मग ड्रॉवरमधला फॉर्म फाडला, कपाटातून दुसरे दोन फॉर्म काढले आणि डेपोकडे निघाली.

पाऊस थांबला होता. डेपोच्या अंगणात गाड्या धुणं चाललं होतं. तो पॅन्ट दुमडून, हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा होता. तिच्या हातातले कागद बघून त्याचा चेहरा पडला.

"दिलात अर्ज?"

"राहतेय मी," ती म्हणाली. आसपासचे सात-आठ ड्रायव्हर काम सोडून बघायला लागले होते. बघू देत! "तुम्ही म्हणालात म्हणून नाही, कारण तुम्ही म्हणालाच नाहीत. मला राहायचंय म्हणून राहतेय. मला तुम्ही आवडता म्हणून राहतेय. पण एक आत्ताच सांगून ठेवते, मला माझ्या शहराची आठवण येतच राहणार. म्हातारी झाले तरी येणार. मध्येच रडेन. चालेल?"

पाइपातलं पाणी त्याच्याच बुटात चाललं होतं. "चालेल," तो कसाबसा म्हणाला. "आठवण आली की... मला सांगा. मी विचारीन, आत्ता तिथे काय चाललं असेल."

"विचारायचं कशाला? बघायलाच चला." तिनं एक कागद पुढे केला. "हा रजेचा अर्ज आहे. चार दिवस. एक माझा, एक तुमचा. आईला भेटायचं, दादाला भेटायचं. दादा जरा वाकडं बोलतो, मनावर घ्यायचं नाही. सही करा."

"आत्ता? हात ओले आहेत."

"असू देत."

त्यानं बसच्या ओल्या बॉनेटवरच कागद ठेवला आणि सही केली. शाई पसरली, नावातलं एकही अक्षर धड वाचता येईना, आणि कोणीतरी शिट्टी मारल्यावर अख्ख्या डेपोनं टाळ्या पिटल्या. तिनं तो भिजका कागद त्याच्या हातातून घेतला, दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला, आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे त्याला ओढतच नेलं.