चाकांवरचं पाणी

अंकिता गाडी न्यायला आली तेव्हा पुढची दोन्ही चाकं काढून ठेवलेली होती आणि ब्रेकच्या डिस्क लेथवाल्याकडे गेल्या होत्या. दिवेलागण होऊन गेली होती आणि लेथवाल्याच्या गल्लीत वीज नव्हती. इथं होटगी रोडवरच्या गॅरेजातही नव्हती. बंदेनवाज मिस्त्रींनी, सगळ्यांच्या चाचांनी, तिला आणि तिच्या मैत्रिणीला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि "येतील की" म्हणाले. मोठ्या माणसांच्या ह्या 'येतील की'चा अंकिताला तिटकारा होता. गाडी ऐंशीच्या वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडतं, एवढीशी तक्रार. त्याला सबंध दिवस?

चाचांनी विचारलं, लांबून आल्यावर गाडीवर लगेच पाणी मारता का? तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की लोखंड वाकतं. ती म्हणाली, माहितीये. चाचा हसले. माहीत तर बिरुदेवलाही होतं, म्हणाले, आणि अंधारात त्यांनी त्याची गोष्ट काढली, भुताची.

बिरुदेव होटगीचा. स्वतःची गाडी भाड्यानं चालवायचा. त्याच्या गाडीलाही हेच दुखणं होतं. चाचांनी आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं, मग पॅड बदलले. थरथर तशीच. ती स्टिअरिंगमध्ये यायची, म्हणजे दोष पुढच्या चाकांत. सीटखाली जाणवली असती तर मागच्या. डिस्कला वाक मोजायचा गेज लावून ती हातानं फिरवली, तर काटा एका जागी उडी मारत होता. लेथवर डिस्क सपाट करून आणल्या. पंधरवड्यात बिरुदेव परत दारात.

कारण चाचांना त्याच्या घरी जेवायला गेल्यावर सापडलं. बिरुदेव लांबच्या भाड्यावरून आला की त्याची आई, चिमाबाई, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायची, त्याच्या पायांवर पाणी घालायची. मग तांब्या पुन्हा भरून गाडीच्या पुढच्या चाकांवर. चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची, आणि दमल्या जिवाला गारवा मिळाला म्हणून म्हातारीचा चेहरा खुलायचा.

बिरुदेव तिच्यावर शेजारपाजारच्यांदेखत ओरडला. तुझ्या ह्या पाण्यापायी एक दिवस गाडी माझा जीव घेईल, म्हणाला.

चिमाबाईला त्यातलं काहीच पटलं नाही. "इतक्या लांबनं ती बी आलीया की," ती म्हणाली. "तिला न्हाईत व्हय पाय?"

त्या दिवसापासून तो गाडी मागच्या गल्लीत लावून चालत घरी यायचा. आई भरला तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी असायची. त्याच्या पायांवर पाणी घालायची, आणि उरलेलं पाणी घेऊन गल्लीच्या तोंडाकडं बघत राहायची. तिला सांगून उपयोग नव्हता. दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. बिरुदेवनं नव्याकोऱ्या डिस्क बसवल्या. गाडी अशी चालायला लागली की स्टिअरिंग एका बोटानं धरावं.

"ह्यात भूत कुठाय चाचा?" अंकिता म्हणाली. "हे तर आम्हाला शाळेत होतं."

"थांब की बेटा."

ती येळवशीची रात्र होती. मार्गशीर्षातली अमावस्या. बिरुदेव वैरागला सासरी गेला होता. त्याची बायको रुपाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती, दिवस भरत आले होते. सगळ्यांनी रानात ज्वारीच्या ताटांच्या कोपीपुढं, खोपटापुढं, बसून भज्जी खाल्ली, आंबील प्यायली, आणि अंधार पडायच्या आत घरी आले. रात्रीची जेवणं व्हायची होती तेवढ्यात रुपालीच्या पोटात कळ उठली. वैरागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळाचे ठोके मंद होतायत, इथं थांबू नका, सोलापूर गाठा. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. बिरुदेवनं गाडी काढली. मागच्या सीटवर रुपाली, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई बजाबाई.

वडाळ्याच्या अलीकडं स्पीडब्रेकर आला. त्यानं ब्रेक दाबला.

स्टिअरिंग थरथरलं.

नव्या डिस्क होत्या. त्याला वाटलं, चाकाचे नट ढिले झाले असतील. अशा वेळी न बघता पुढं जाणं धोक्याचं, म्हणून तो मोबाइलची बॅटरी लावून उतरला. नट घट्ट होते. पण चाकाला हात लावला तर हात ओला.

"ब्रेक ऑइल," अंकिता म्हणाली.

चाचा म्हणाले, त्यालाही तेच वाटलं. वास घेतला. बोट जिभेला लावलं. पाणी होतं. रस्ता कोरडा. दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. दुसरं चाक बघितलं. तेही ओलं. मागची दोन्ही कोरडी ठणठणीत.

बजाबाईनं आतून विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाला, आणि बसला. जे झालंय ते कुणाला सांगायचं?

नान्नजचा माळ लागला. एक वळण आलं. त्यानं पाय नुसता टेकवला, तर सगळी गाडी हिवताप आल्यासारखी हलली. रुपाली कळवळली. त्यानं गाडी बाजूला घेतली, थांबवली.

तो अजून सीटवरच होता.

बाहेर चर्र आवाज झाला. डाव्या चाकाशी.

मग... उजव्या.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ वर आली. दिव्यांच्या उजेडात नुसतं गवत होतं. वाळलेलं. हलतसुद्धा नव्हतं.

"कुणी घातलं हो पाणी?" बजाबाई म्हणाली.

बिरुदेवला उत्तर माहीत होतं. मागे रुपालीचं कण्हणं थांबलं होतं, आणि ते कण्हण्यापेक्षा वाईट होतं. त्यानं स्टिअरिंगवरचे हात सोडून जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आईशी तो हळू बोलला.

"आई... अजून घर आलं न्हाई गं. जाऊ दे आमाला."

वाफ विरली.

त्यानं गाडी पळवली. ठरवलं, आता ब्रेकला पाय लावायचा नाही. कारंबा येईल. मग बार्शी नाका. मग दवाखाना. काटा ऐंशीला, नव्वदला. बजाबाई देवाचं नाव घेत होती. मग तिचंही थांबलं.

समोर काळं काहीतरी होतं.

उसाची ट्रॉली. हूक तुटलेला, रस्त्यात आडवी. दिवा नाही. काही नाही.

त्यानं ब्रेक दाबला. पेडल थरथरलं नाही. पेडल खाली गेलं. पार खाली. पायाखाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबला. पुन्हा... हँडब्रेकचं त्याला सुचलंच नाही. त्याला एवढंच कळलं की आता आपल्या हातात काही राहिलं नाही. त्यानं डोळे मिटले.

आवाज आला नाही.

टायर घासले नाहीत. धक्का बसला नाही. डोळे उघडले तर गाडी उभी होती. उसाचे शेंडे काचेला टेकले होते, आणि काच शाबूत होती.

ट्रॉलीवाल्यांनी मागून येणारा एक टेम्पो थांबवून कडेनं काढून दिला. त्यातून रुपालीला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. रडायला वेळ लागला तिला. काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण जगली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

चाचांनी उरलेला चहा संपवला. अंकिताची मैत्रीण म्हणाली, "आणि गाडी?"

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी ओढून इथंच आणली. ब्रेक ऑइलची नळी फुटलेली होती. ऑइलच्या टाकीत थेंब नव्हता.

"मग गिअरमध्ये होती म्हणून इंजिनच्या ओढीनं थांबली असेल," अंकिता म्हणाली. बोलता बोलताच तिला कळलं की नव्वदच्या वेगातून, एवढ्यात, नाही थांबत.

चाचांनी पुढची चाकं काढली. रात्रीच्या पाण्यानं दोन्ही डिस्कवर तांबूस गंज धरला होता. नवं लोखंड, ओलं राहिलं की धरतंच. पण दोन्हींवर मध्ये एकेक जागा स्वच्छ होती. पाच बोटं. तळवा. बारीक, बाईमाणसाचा. चाकाच्या आत, पॅड लागतो तिथं, जिथं चाक काढल्याशिवाय बोटसुद्धा जात नाही.

"दोन्ही हात?"

दोन्ही, चाचा म्हणाले. उजव्या चाकावर डावा. डाव्या चाकावर उजवा.

अंकितानं अंधारात आपले दोन्ही हात पुढं पसरून बघितले. मग एकदम खाली घेतले. असे हात पडायला माणूस गाडीपुढं हवं. गाडीकडं तोंड करून.

चाचांनी तेव्हा पॉलिश पेपर घेतला होता. जोर लावून दोन्ही डिस्क घासल्या. गंज सगळा निघाला.

पंजे राहिले.