घरचं खातं, धंद्याचं खातं

शिवम आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला आईचा चष्मा न्यायचा होता, चष्म्याचं दुकान शेजारी आहे. आत येऊन त्यानं काउंटरवर पावती ठेवली आणि म्हणाला, “झाला का चष्मा?”

“इथं चष्मे मिळत नाहीत. इथं ईमेल मिळतो,” मी म्हटलं.

“विकत?”

“धंद्याचा विकत, घरचा फुकट.”

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली, आणि मी उगाचच पेन शोधायला लागले... पेन हातातच होतं.

“मंग बसतो बाप्पा. आमचा बी धंदा आहे.”

धंदा संत्र्याचा होता. शेंदूरजनाघाटला वडिलांची, खुशालरावांची पेढी, आणि हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी पौर्णिमा, अकोल्याची. अमरावतीला राजकमल चौकाजवळ नोकरी, खोली करून राहायची आणि शनिवारी दुपारी एसटीनं घरी जायची. व्यापाऱ्यांच्या फोनवर पेढीचा ईमेल बसवून देणं हे माझं काम, आणि समोरच्याला पटेपर्यंत बोलत राहणं हा स्वभाव.

त्याच्या फोनवर कॉलेजपासूनचं एकच खातं होतं. मालाचे भाव, लग्नाचे फोटो, सगळं त्यातच कोंबलेलं.

“अशानं एखाद दिवशी व्यापाऱ्याचा भाव तुम्ही नातेवाइकांना पाठवाल,” मी म्हटलं.

“पाठवला ना! मामेबहिणीले. करिश्मा म्हणे, दादा, मले काहून संत्रं विकून राहिला?”

मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं. घरचं खातं वेगळं, धंद्याचं वेगळं. धंद्याचं शनिवारी दुपारी चारला झोपणार आणि सोमवारी सकाळी नऊला उठणार. मधे कितीही मेल आले तरी फोन वाजणार नाही, काही दिसणार नाही. माणसानं एक दिवस तरी माणसासारखं राहावं.

“पुण्याच्या मॅडमसारखं बोलता तुमी.”

“अकोल्याची आहे मी.”

“मंग अकोल्यासारखं बोला ना. मले समजते.”

त्या दिवशी दोन खाती करूनच तो गेला. चष्मा तसाच राहिला. तो न्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि पुन्हा आमच्याच दारातून आत शिरला. ही दुसरी वेळ काही चुकून नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

आठवड्यात पेढीच्या खात्यावरून मेल आला. विषय – तक्रार. ‘फोनवर समद्याईचे मेल येतात. ज्याचा याले पायजे त्याचा येत नाही.’ मी उत्तर दिलं, ‘तक्रार नोंदवली आहे.’ त्याचा लगेच दुसरा, ‘नोंदवून काय करता, निवारण करा.’ तीनेक महिने आम्ही असं तक्रार-निवारण खेळलो. मग त्यानं घरच्या खात्याचा पत्ता पाठवला... आणि तक्रारी संपून पत्रं सुरू झाली. माझ्या फोनात त्याची दोन नावं झाली. पेढीचं ‘शिवम संत्रा’, आणि त्याच्याखाली नुसतं ‘शिवम’.

अमरावतीला आला की आम्ही गिला वडा खायचो. नंतर तो खिशातून संत्रं काढायचा, सोलायचा, फोडीवरची एकेक पांढरी शीर काढायचा आणि मगच फोड माझ्या हातावर ठेवायचा. बोलायचा कमी. त्याच्या बोटांकडे बघत बसायला मला फार आवडायचं. प्रेमात पडलेली मुलगी इतकी खुळी असते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याची टिंगल केली असती.

मार्चमधल्या एका गुरुवारी त्यानं फोड हातावर ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला.

“तेल्हाऱ्याची सोयरीक आली आहे. रविवारी पोरगी पाहाले जाणं आहे. बाबा घाईत आहेत, पसंत पडली तर तिथंच कुंकू लावून पक्कं करतो म्हणतात.”

मी हात काढला नाही.

“तुमी हो म्हणा,” तो म्हणाला, “मी बाबाले सांगतो, तेल्हारा रद्द. रविवारी अकोल्याले येतो, तुमच्या आईले भेटाले.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तोंडी सांगूच नका. लिवून द्या, घरच्या खात्यावर. शनिवारी रातीपर्यंत वाट पाहीन. नाही असन तर... काही लिवू नका. ‘नाही’ वाचाची हिंमत नाही माह्यात. फोन बी करनार नाही मी.”

हो तेव्हाच ओठांवर होतं. पण मला वाटलं, दोन दिवस झुरू दे जरा. माझ्यासाठी कुणी तरी झुरतंय, हे सुख मला हवं होतं. इतकी वर्षं झाली, त्या दोन दिवसांची मी स्वतःला माफी दिलेली नाही.

शनिवारी चारच्या अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा वऱ्हाडीत उतरलं – ‘हो. हो. हो. आता येजा लवकर.’ वर ‘शि’ टाईप केलं, नाव आलं. तेवढ्यात मूर्तिजापूरच्या अलीकडच्या खड्ड्यात गाडी आदळली, माझं बोट पडलं, मेल गेला. मी फोन छातीशी धरला. समोरच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या.

रविवारी सकाळपासून मी हिरवी साडी नेसून बसले होते.

“काहून व, आज सणवार आहे का?” आईनं विचारलं.

“कोणी येणार आहे.”

आईनं गुपचूप पुरण शिजत टाकलं. बारा वाजले, दोन वाजले. साडेतीनला फोन वाजला. त्याच्या घरच्या खात्यावरून मेल होता.

‘रातभर वाट पाह्यली. समजलो. तुमच्यावर राग नाही. आज तेल्हाऱ्याले कुंकू लावून आलो. पोरीचं नाव सीमा. तिची सोयरीक आधी एकदा कुंकू लागून मोडली आहे. तिनं मले एकच इचारलं, तुमी तर नाही ना मोडनार? मी म्हटलं, नाही.’

तीनदा वाचलं. मग मी माझा मेल उघडला. कुणाला गेला ते पाहिलं. शिवम संत्रा.

माझा होकार धंद्याच्या खात्यात पडला होता. मीच झोपवलेल्या खात्यात, सोमवारी नऊची वाट बघत.

नऊला तो वाचणार. वाचल्यावर थांबणार नाही, हे मला माहीत होतं. तसाच तेल्हाऱ्याला जाईल, सोयरीक मोडेल आणि माझ्याकडे येईल. अजून सगळं माझं होऊ शकत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण ती सीमा डोळ्यांसमोरून हलेना. कधी पाहिलेली नाही ती मुलगी. तिचं एकदा मोडलेलं, दुसऱ्यांदा मोडलं तर गाव तिच्यातच खोट काढणार. आमच्याकडे मुलाला कुणी काही विचारत नाही. आणि ही सोयरीक मोडणार होती माझ्या बोटामुळे, माझ्या नखऱ्यामुळे.

आमच्या कामात प्रत्येक पेढीच्या खात्याची किल्ली आमच्याकडे असते. गिऱ्हाइकानं लेखी सांगितल्याशिवाय ती वापरायची नाही, असा सक्त नियम. तो नियम मी एकदाच मोडला, माझ्याच घराच्या जिन्यात, हिरव्या साडीत बसून. शेंदूरजनाघाटच्या पेढीचं खातं उघडलं, माझा मेल शोधला आणि पुसला. मग आत गेले.

“येनार नाही का कोणी?” आईनं विचारलं.

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली आणि तिनं माझं ताट वाढलं. मी जेवले. कशी जेवले ते विचारू नका.

सोमवारी दुपारी तो दुकानात आला. दाढी वाढलेली. फोन काउंटरवर ठेवला.

“घरचं खातं बंद करून द्या. धंद्याचं एक पुरे.”

“त्यातली पत्रं...”

“समदी पुसल्या जातात ना?”

“हो.”

“मंग पुसा.”

मी पुसली. त्याची, माझी, सगळी. दुसरा हात काउंटरवर दाबून धरला होता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

“एक इचारू? लिवलंच नाही का तुमी... का लिवलं अन् धाडलं नाही?”

मान वर केली असती तर मी रडले असते.

“लिहिलंच नाही,” मी म्हटलं.

“बरं.” त्यानं फोन उचलला. दारापर्यंत गेला, थांबला. “सुखात राहजा, पौर्णिमा.”

त्यानं मला नुसत्या नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

त्याला आता एक मुलगी आहे म्हणे, शाळेत जाते. चांगलं चाललंय त्यांचं, आणि मला खरंच बरं वाटतं. त्याला कधीच सांगता येणार नाही, म्हणून इथं सांगते. मी लिहिलं होतं, शिवम. हो लिहिलं होतं, तेही तीनदा.