सोडा म्हणालं कोण?

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने माझ्या ताईसमोर बसून तसं म्हणून दाखवावं. मी पदरचं काही घालत नाहीये.

सोमवार होता. भर दुपार. सोमवारी वस्तुसंग्रहालय बंद असतं, म्हणून दालनातला दगडी चबुतरा हलवायचं काम त्या दिवशी ठेवलं होतं.

आम्ही चौघं. मुकादम तात्या, माझ्या ताईचे यजमान म्हणजे दाजी, दाजींचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, आणि मी.

मी आणि पैलवानाने पहारींनी एक बाजू उचलायची. दाजींनी खाली लाकडी ठोकळा सारायचा. त्यांचा हात बाहेर आला की तात्या म्हणणार, "सोडा." मगच पहारी सोडायच्या. वजन उचललेलं असताना बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. तात्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत कोणाचं नखही दुखावलं नव्हतं.

चबुतरा वर आला. दाजींनी ठोकळ्यासकट हात आत घातला.

"सोडा."

आम्ही सोडलं.

हाडांचा आवाज आधी आला... किंकाळी नंतर.

पैलवानाचं डोकं फिरलं. चबुतरा सरकवायच्या लोखंडी नळ्या तिथेच पडल्या होत्या. त्यातली एक उचलून त्याने तात्यांच्या तोंडावर हाणली. एकदा. दोनदा. तात्या रक्त थुंकत हातानेच सांगत होते, मी नाही, मी नाही. तिसऱ्या फटक्याला जबडा लोंबला. ते कोसळले.

मी पैलवानाला मागे ओढलं. म्हटलं, आधी भावाला बाहेर काढ.

पुन्हा पहारी लावल्या. जीव खाऊन रेटलं. चबुतरा तिरका उठला. दाजी दुसऱ्या हाताने स्वतःला मागे खेचत होते. थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून...

"सोडा."

तात्यांचाच आवाज. स्वच्छ. शांत.

पण तात्या माझ्या समोर पडले होते. पाठीमागे होतं फक्त काचेचं रिकामं कपाट.

मी वळायच्या आत माझे हात उघडले.

एकट्या पैलवानाला वजन पेललं नाही. चबुतरा कलंडला... दाजींच्या छातीवर.

ते पुन्हा ओरडले नाहीत.

मी वळून पाहिलं. कपाटाला कुलूप होतं. काच आतून धुरकटली होती... फक्त माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बघता बघता ती निवळली.

चौकशीत लिहिलं गेलं, पहार निसटली. तात्यांनी पैलवानाविरुद्ध तक्रार केली नाही. जबड्याच्या तारा निघाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि एवढंच सांगितलं, की पहिल्या वेळी तो आवाज त्यांनीही ऐकला होता. स्वतःचाच. ओठ मिटलेले असताना.

म्हणजे मला वेड लागलेलं नाही, एवढा धीर धरून मी पैलवानाकडे गेलो. दुसऱ्या वेळचा आवाज तुला कुठून ऐकू आला, विचारलं.

त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

"दुसऱ्यांदा कोणीच काही बोललं नाही. मी तुझ्या शेजारीच होतो."

हे त्याने ताईला सांगितलंय की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही. मी गेलो की ती अजूनही मला जेवायला वाढते. ताटाकडे बघत वाढते.

माझ्याकडे बघत नाही.