मैत्रीदिनाचा वजनकाटा

आन्सेल्मो चुकून नाचाच्या हॉलमध्ये शिरला. शेजारच्या चर्चमध्ये लग्नात वाजवायला निघालेला, जूनच्या पावसात भिजलेला, गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. समोर चांगल्या भरल्या अंगाच्या बारा बायका गाण्याविनाच नाचत होत्या, कारण स्पीकर बंद पडला होता.

"लग्न पलीकडे आहे," त्यांना नाचवणारी निदिया म्हणाली. ती नर्स होती, आणि त्या सगळ्यांत तीच जास्त गुबगुबीत.

"असू दे की... तिथल्या नवरीला नवरा मिळालाय."

आगाऊच होता. पण निदियानं हसत त्याला खुर्ची दिली.

मग दर बुधवारी तो वाजवायला येऊ लागला. नाच झाला की निदिया सगळ्यांचं ब्लडप्रेशर बघायची, तो चिपाचे, म्हणजे चीजच्या पावाचे, तुकडे मोडून वाटायचा. पहिला गरम तुकडा तिला. खरं सांगायचं तर बुधवारची वाट ती सोमवारपासूनच बघायची.

तीस जुलैला मैत्रीदिन आला. एन्कार्नासिओन गावात त्या दिवशी घरोघरी नावांच्या चिठ्ठ्या काढून गुपचूप भेटवस्तू देतात, तशा या नाचाच्या हॉलमध्येही दिल्या. आपल्या नावाची चिठ्ठी कुणाला निघाली, हे निदियानं कधीच ओळखलं होतं. सगळ्यांसमोर तिनं लाजत कागद फाडला.

आत वजनकाटा होता.

नाचणाऱ्या बारा जणींतल्या ब्लासिदामावशींनी हातातला कप खाली ठेवला.

"आवडला नाही?" आन्सेल्मोचा चेहरा पडला. "म्हटलं, एवढं नाचता... किती उतरलं ते कळायला नको?"

निदियानं काटा बाजूला सारला. सहा आठवडे हा असं समजत होता? घसा दुखला तरी डॉक्टर तिला म्हणायचे, आधी वजन कमी करा. त्या बोलण्याला कंटाळून ब्लासिदामावशींनी चार वर्षं दवाखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"आम्ही इथं बारीक व्हायला येत नाही," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे... आजारी पडलं तरी चालेल?"

"सगळं गाव हेच म्हणतं. अरे, आजार कळावा म्हणून तर हा ब्लडप्रेशरचा पट्टा बांधते मी दंडाला. नुसतं अंग बघून काय कळणार?"

"कळतं की. मी बघ, काडी आहे नुसता. मला काय होतंय?"

"बांध गं याला," ब्लासिदामावशी म्हणाल्या.

निदियानं रागानंच पट्टा आवळला. आकडा फारच जास्त निघाला. वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा.

"डोकं दुखतं तुझं?"

"रोजच. वाटलं, वाजवून वाजवून दुखत असेल..."

सहा बुधवार तिनं प्रत्येक दंडाला पट्टा बांधला होता, त्याच्या एकट्याच्या नाही. कारण तो बारीक होता. डॉक्टर तिच्याशी जे करत आले, तेच तिनं त्याच्याशी केलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"परत एकदा बघते. मग लगेच दवाखान्यात जायचं. मी येते सोबत."

"काट्याचं चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "तू आहेस तशीच मला... निदिया, मी तुझ्या—"

"गप्प बस." पट्टा सैल करत ती म्हणाली. "बोललं की आकडा वाढतो. पाच मिनिटं शांत बस... मग सगळं सांग. मला ऐकायचंय."