पंक्चरची बादली

माझा प्लास्टिकचा डबा गटाराच्या पाण्यातून वाहत चालला होता आणि मी त्याच्यामागे भर रस्त्यात धावत होते. शर्यत डब्यानं जिंकली. जाळीखाली तो गडप झाला.

"नवीन घ्या मॅडम, तो आता थेट नदीलाच भेटेल," टायरच्या दुकानाच्या शेडखालून आवाज आला.

वळून पाहिलं. दोन्ही हात काळे, कपाळावर एक काळा पट्टा आणि डोळ्यांत नुसता खोडकरपणा. मला चिडायलाही वेळ नव्हता. कोरड्या दिवसांत रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ, रबराची भुकटी... हे सगळं पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात गटारात उतरतं, आणि मला तपासायला तेच पाणी हवं होतं. दर पाच मिनिटांनी एक मग, असे सहा मग एकत्र करून एक नमुना. उशीर केला की हाती येतं ते अंघोळ झालेल्या रस्त्याचं पाणी.

"बादली आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. पंक्चर शोधायची. पण परत आणून द्या हं... तिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

पत्र्याची जाडजूड बादली होती. ती तीनदा विसळून मी गटाराच्या तोंडाशी उकिडवी बसले. तो छत्री घेऊन आला, ती माझ्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला.

"गटाराचं पाणी इतक्या प्रेमानं भरताना मी कुणाला पाहिलं नव्हतं."

"आणखी काय काय पाहिलं नव्हतं?"

"तुम्हाला. पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत."

मी मग भरायला वाकले, म्हणून माझा चेहरा त्याला दिसला नाही. बरंच झालं.

तीन दिवसांनी निकाल आला. पाण्यात जस्त, मर्यादेच्या चौपट. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "टायरच्या रबरात जस्त असतं. त्या गटारावर एकच टायरवाला आहे ना? नोटीस तयार कर. दुकान महिनाभर बंद."

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. टेबलाखाली पाय सरकवला तर तो बादलीला लागला. त्याची बादली, परत द्यायची राहून गेलेली. आतून पांढरट, खरखरीत... आणि पत्रा गंजू नये म्हणून त्यावर कशाचा मुलामा देतात, हे मला शाळेपासून माहीत होतं. जस्ताचा.

बादलीत शुद्ध पाणी ओतलं, अर्धा तास ठेवलं, तपासलं. जवळजवळ सगळं जस्त बादलीचंच निघालं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. माझी नोकरी अजून कच्ची होती, पक्की व्हायला तीन आठवडे बाकी होते. पण कुलूप लागलेलं दुकान आणि शेडखाली कुणीच नाही... हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी बाईंना सगळं सांगून टाकलं.

"उसन्या बादलीत नमुना?" त्यांनी चष्मा कपाळावरून पुन्हा नाकावर ओढला. "पुढच्या पावसात परत घे. पुन्हा चुकलीस तर पक्क्या नोकरीचं नाव काढू नकोस."

मग पाऊस काही येईना. मी सारखी खिडकीशी.

"कुणाची वाट बघतेस गं?" आईनं विचारलं.

"ढगांची."

"ढगांसाठी कानातले बदलतात का?"

अकराव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. दोन नवे डबे आणि त्याची बादली घेऊन मी पळत सुटले.

"बादली आली," तो म्हणाला. "सोबत मॅडमही आल्या." आणि माझ्या हातातला मग धरायला पुढे झाला.

"हात लावायचा नाही," मी दटावलं. "तुमच्याच गटाराची तपासणी आहे."

मग भरता भरता, धापा टाकत, मी सगळं सांगितलं. जस्त, नोटीस, माझी चूक... तो हसायचा थांबला.

"तुम्ही बोलला नसतात तर?"

"तुमचं दुकान बंद झालं असतं."

"आणि बोललात म्हणून?"

"माझी नोकरी जाईल... कदाचित."

त्यानं छत्री पुढे सरकवली, आणि या वेळी तिच्याखाली आम्ही दोघं होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. सहावा मग मी सगळ्यात सावकाश भरला. पाणी सांडू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं.

निकाल आला. जस्त मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. बाईंनी नोटीस फाडली, माझ्या नोकरीच्या कागदावर सही केली आणि एक अट घातली: दुकानापुढच्या गटारात वाळू आणि कोळशाची गाळणी बसवायची. हे फोनवर कळवता आलं असतं. मी मात्र भर उन्हात चालत निघाले.

त्यानं मला लांबूनच पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. एकही ढग नव्हता. हातातली ट्यूब बादलीत तशीच राहिली, बुडबुडे सोडत.

"आज पाऊस नाही, मॅडम."

"माहीत आहे."

"डबाही आणला नाहीत."

"नाही आणला. दुकान चालू राहणार. गाळणी तेवढी बसवावी लागेल. आणि माझी नोकरी पक्की झाली."

"हे सांगायला..." तो अडखळला. "हे सांगायला आलीस?"

त्या 'आलीस'नं माझं उरलंसुरलं धैर्य गोळा झालं.

"नाही. तुला बघायला आले."

त्यानं घाम पुसला, तसा कपाळावर आणखी एक काळा पट्टा उमटला. मी रुमाल काढला आणि तो हळूच पुसला. तो श्वास रोखून उभा होता.

"आणि उद्या?" त्यानं विचारलं.

"उद्याही पाऊस नाही," मी म्हणाले. "उद्याही येईन."