तातेरावची नळी

कंदील जरा जवळ घ्या, अन् मधे बोलू नका. ही गोष्ट वडीगोद्रीच्या भिवाच्या घरात घडलेली आहे. त्यानंच मला सांगितली, आणि भिवा थापा मारणारातला नव्हता.

साल चौऱ्याहत्तर. एप्रिलातला सोमवार, रात्रीचे साडेनऊ. भिवा ओसरीत बसून पाणबुड्याचं सामान साफ करत होता. काचेचा मुखवटा, कमरेचा दोर आणि लांबलचक रबरी नळी. विहिरीत मोटारीचा पाइप गाळात अडकला, की तातेराव हे सगळं चढवून तळाला जायचा. काठावर भिवा पंप मारून नळीतून हवा द्यायचा. मागच्या महिन्यात तातेराव तळाशीच संपला. लोक म्हणाले, छातीत कळ आली असेल.

भिवाला खरं ठाऊक होतं. धुतलेली नळी सावलीत वाळवायची असते. त्या दिवशी त्याला घाई होती, म्हणून त्यानं ती तापलेल्या पत्र्यावर टाकली. रबर तडकलं आणि पाण्याखाली फाटलं. दोराला तीन हिसके आले, म्हणजे ‘वर घ्या’. घेतलं... पण उशिरा. नंतर त्यानं फाटका तुकडा गुपचूप कापून जोड दिला. कुणापाशी ब्र काढला नाही.

आणि उद्या तातेरावचा पोरगा वसंता त्याच नळीवर पहिल्यांदा उतरणार होता. भिवानं ती तीनदा धुतली, तरी जिवाला चैन पडेना.

आतला गाळ निघावा म्हणून त्यानं टोकाला तोंड लावून फुंकलं. हवा पुढे जाईना. पुन्हा फुंकलं.

हवा परत आली.

गार. शेवाळाच्या वासाची.

भिवानं तोंड काढलं. नळी... श्वास घेत होती. आत. बाहेर. आत...

मग थांबली.

खुंटीवरचा दोर आपोआप ताणला गेला. एक हिसका.

दोन...

तिसऱ्याची वाट या वेळी भिवानं पाहिली नाही. पळत जाऊन वसंताचं दार ठोठावलं.

“वसंता, उद्या उतरू नको. नळी म्याच उन्हात टाकल्ती... तुह्या बापाला म्या मारलं.”

वसंतानं पायात वहाणा सरकवल्या.

“दाखवा, काका.”

ओसरीत येऊन त्यानं नळी वाकवली. जोडाच्या पुढे, वीतभर अंतरावर, दुसरी भेग उघडली. त्यानं कुऱ्हाडीनं नळीचे तुकडे केले, मुखवटा उचलला आणि गेला. भिवाशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

मुखवटा अजून वसंताच्या भिंतीला आहे. मी हातात घेऊन पाहिलाय. कोरडा ठणठणीत. काचेवर मात्र आतून वाफ धरलेली. मी बोटानं जरा पुसली...

तेवढीच जागा परत धुरकटली.